मानवरहित मालवाहू अवकाशयानांचे थ्रस्टर : रचना, मूल्यमापन आणि सातारा–सांगलीचा अभियांत्रिकी पट्टा

अवकाशस्थानकाला अन्न, पाणी, प्राणवायू, सुटे भाग आणि इंधन पोचवणारे मानवरहित मालवाहू यान प्रक्षेपकापासून अलग झाले, की पुढचा सगळा प्रवास त्याला स्वतःच्या बळावर करावा लागतो. कक्षा उंचावणे, स्थानकाचा पाठलाग करणे, सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या मंद वेगाने त्याच्याशी जुळणे, जुळल्यानंतर गरजेप्रमाणे स्थानकालाच वर ढकलणे आणि शेवटी कचरा भरून वातावरणात जळून जाण्यासाठी स्वतःचा वेग कमी करणे ही सर्व कामे त्याच्या अंगावर बसवलेली छोटी रॉकेट इंजिने करतात. या इंजिनांना थ्रस्टर म्हणतात. थ्रस्टरचा रेटा न्यूटनमध्ये मोजला जातो आणि १० न्यूटन म्हणजे जमिनीवर साधारण १ किलो वजन हातात धरण्यासाठी लागणारे बळ असे स्थूलमानाने समजता येते. या विषयावरील चर्चा बहुधा रेटा किती आणि इंधन किती लागते या दोन आकड्यांभोवती फिरते. प्रत्यक्षात या यानांना आलेल्या अडचणींचा इतिहास पाहिला तर ज्वलनकक्ष क्वचितच दोषी ठरतो, आणि झडपा, सील, दाब देणारी नळजोडणी, उष्णतेचा उलटा प्रवास व नियंत्रणप्रणाली हीच ठिकाणे वारंवार पुढे येतात. म्हणून थ्रस्टरच्या रचनेचा प्रश्न हा मुख्यतः त्याच्या परीक्षणाचा प्रश्न आहे, आणि पंप, झडपा व इंजिने यांवर शतकभर पोसलेल्या सातारा–सांगलीसारख्या पट्ट्याचा या विषयाशी संबंध जुळतो तोही याच ठिकाणी.

या प्रकारच्या यानांची परंपरा सोव्हिएत संघाच्या प्रोग्रेसपासून सुरू होते. जानेवारी १९७८ मध्ये पहिले प्रोग्रेस यान सॅल्यूट–६ स्थानकाकडे गेले आणि त्याने सामानाबरोबर इंधनही स्थानकाच्या टाक्यांत भरले. त्याच घराण्यातील यानांत आजही सुमारे ३ किलोन्यूटन रेट्याचे एक मुख्य इंजिन आणि दिशा व स्थिती सांभाळणारे सुमारे १३० न्यूटनचे २८ छोटे थ्रस्टर असतात. युरोपच्या एटीव्ही यानाने, ज्याची २००८ ते २०१४ या काळात पाच उड्डाणे झाली, ४९० न्यूटनची चार मुख्य इंजिने आणि २२० न्यूटनचे २८ थ्रस्टर वापरले. अमेरिकेच्या पहिल्या पिढीतील मालवाहू ड्रॅगनने मुख्य इंजिन ही कल्पनाच बाजूला ठेवून सुमारे ४०० न्यूटनच्या १८ ड्रॅको थ्रस्टरांवर सर्व कामे सोपवली. जपानचे एचटीव्ही, अमेरिकेचेच सिग्नस आणि एप्रिल २०१७ पासून उडणारे चीनचे तिआनझोऊ ही या कुळातील आणखी नावे होत. या सर्वांत एक साम्य आहे. प्रोग्रेसचे मुख्य इंजिन वगळले तर रेटा काही शे न्यूटनांच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो आणि संख्या मोठी असते, कारण एका बलाढ्य इंजिनापेक्षा अनेक मध्यम थ्रस्टर एकमेकांची जागा घेऊ शकतात.

रचनाकारापुढील खरा पेच असा, की एकाच यानाला दोन परस्परविरोधी गुण लागतात. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचे वस्तुमान सुमारे ४२० टन आहे. त्याचा वेग सेकंदाला केवळ १ मीटरने वाढवला तर त्याची सरासरी उंची सुमारे पावणेदोन किलोमीटरने वाढते, आणि एवढ्यासाठी ४९० न्यूटनची दोन इंजिने सात मिनिटांहून थोडी अधिक काळ सलग चालवावी लागतात. हे काम दीर्घ, स्थिर ज्वलनाचे आहे. उलट जुळणीच्या वेळी १० टनांच्या यानाला दिलेला धक्का इतका लहान हवा, की वेगातील बदल मिलिमीटर प्रति सेकंद या मापातच राहावा. ४०० न्यूटनचा थ्रस्टर २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, चालू राहिला तर १० टनांच्या यानाचा वेग सुमारे ०.८ मिलिमीटर प्रति सेकंदाने बदलतो. थ्रस्टरला देता येणारा असा सर्वांत लहान आणि तरीही दर वेळी सारखाच येणारा धक्का ‘किमान आवेग’ म्हणून ओळखला जातो. जुळणीच्या अचूकतेच्या दृष्टीने तो कमाल रेट्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो जवळजवळ सर्वस्वी झडपेच्या चपळाईवर अवलंबून असतो. झडप उघडायला पाच मिलिसेकंद लागतात की आठ, आणि हजाराव्या वेळीही तितकेच लागतात का, या प्रश्नाच्या उत्तरावर जुळणी सुरळीत होणार की स्थानकाला ठोकर बसणार हे बऱ्याच अंशी ठरते. जून १९९७ मध्ये मालवाहू प्रोग्रेस मीर स्थानकावर आदळले आणि त्याच्या एका कक्षाला भोक पडले. तो प्रसंग मुख्यतः दूरनियंत्रणाचा आणि अंतर कळण्याच्या अपुऱ्या साधनांचा होता, तरी कित्येक टनांचे यान उशिरा दिलेल्या आज्ञेने थांबत नाही हे त्यातून स्पष्ट झाले.

इंधनाच्या निवडीत ‘विशिष्ट आवेग’ हे माप वापरतात. ठरावीक वजनाच्या इंधनातून किती काळ किती रेटा मिळतो याचे ते माप असून सेकंदांत सांगितले जाते. १० टनांच्या यानाचा वेग सेकंदाला १०० मीटरने बदलायचा असेल, तर ३०० सेकंद विशिष्ट आवेगाच्या थ्रस्टरला सुमारे ३३४ किलो प्रणोदक, म्हणजे झोत म्हणून बाहेर फेकला जाणारा पदार्थ, लागतो आणि २३० सेकंदांच्या थ्रस्टरला सुमारे ४३४ किलो. हा १०० किलोंचा फरक सरळ मालाच्या वजनातून वजा होतो. विद्युत थ्रस्टरांचा विशिष्ट आवेग १,५०० सेकंदांच्याही पुढे जातो, पण त्यांचा रेटा इतका क्षीण असतो, की ०.१ न्यूटनच्या अशा थ्रस्टरला हेच काम करायला जवळपास चार महिने लागतील, आणि स्थानकावरील माणसे भाजीपाल्याची इतकी वाट पाहू शकत नाहीत. त्यामुळे मालवाहू यानांत रासायनिक थ्रस्टरांचेच राज्य आहे. त्यांतही मोनोमिथिल हायड्रॅझीन हे इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड हा ऑक्सिडीकारक, म्हणजे इंधन जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, ही जोडी विशेष रूढ आहे. हे दोन द्रव एकत्र येताच ठिणगीशिवाय पेट घेतात, त्यामुळे प्रज्वलनयंत्रणेची गरज उरत नाही आणि इंजिन हजारो वेळा चालू–बंद करता येते. त्यांच्या घनतेचा योगही जुळून आला आहे. इंधनाच्या १.६५ पट वजनाचा ऑक्सिडीकारक घेतला तर दोन्ही द्रवांचे आकारमान जवळजवळ सारखे होते आणि एकाच मापाच्या टाक्या वापरता येतात. इंजिनाच्या दृष्टीने सर्वोत्तम गुणोत्तर किंचित वेगळे असले, तरी टाक्या घडवणाऱ्याच्या सोयीसाठी हे गुणोत्तर अनेक ठिकाणी पत्करलेले दिसते. अभियांत्रिकीतील तडजोडी बहुतेक वेळा अशाच असतात.

या जोडीचा मोठा दोष म्हणजे तिची विषारी प्रकृती. भरणीच्या वेळी कामगारांना बंदिस्त पोशाख, वेगळी हवा आणि मोकळे आवार लागते, आणि खर्चाचा मोठा हिस्सा त्यातच जातो. म्हणून ‘हरित’ म्हटल्या जाणाऱ्या प्रणोदकांचा शोध चालू आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड हा त्यांतील सर्वांत जुना पर्याय होय. उत्प्रेरकाच्या थरातून जाताना त्याचे पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन यांत विघटन होते, आणि ९० टक्के तीव्रतेचा पेरॉक्साइड घेतल्यास निघणाऱ्या वायूचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तथापि ‘हरित’ या विशेषणाने हुरळून जाण्याचे कारण नाही. पेरॉक्साइड टाकीतही हळूहळू विघटन पावत राहतो. सोयुझ यानाच्या अवतरण कक्षातील थ्रस्टर पेरॉक्साइडवर चालतात आणि त्यामुळेच ते यान कक्षेत साधारण २०० दिवसांपेक्षा अधिक ठेवत नाहीत. ऑगस्ट २००० मध्ये रशियाची कुर्स्क पाणबुडी बुडाली तीही पेरॉक्साइडवर चालणाऱ्या पाणतीराच्या स्फोटानंतर. महिनोन्महिने स्थानकाला जोडून राहणाऱ्या मालवाहू यानाच्या बाबतीत साठवणुकीचा हा मुद्दा विषारीपणाइतकाच तोलाचा ठरतो.

थ्रस्टरच्या अंतरंगात सर्वांत नाजूक भाग ‘इंजेक्टर’ हा असतो. दोन्ही द्रवांचे बारीक थेंबांत रूपांतर करून त्यांना योग्य जागी एकमेकांवर आपटवण्याचे काम तो करतो. तासगावच्या द्राक्षबागेत ब्लोअरच्या नोझलमधून औषध फवारताना थेंबाचा आकार, फवाऱ्याचा कोन आणि पानापानावर पडणारे प्रमाण सारखे नसेल तर एका वेलीला दाह आणि दुसरीवर भुरी अशी गत होते, तसेच इंजेक्टरचा फवारा एका बाजूला झुकला तर ज्वलनकक्षाच्या भिंतीवर एखादी उष्ण पट्टी उमटते आणि तेथेच ती भिंत खचते. भिंत वाचवण्यासाठी थोडे जास्तीचे इंधन कडेने पातळ पडद्यासारखे वाहते ठेवतात. ते पूर्णपणे जळत नाही, म्हणून विशिष्ट आवेगाची थोडी किंमत मोजावी लागते. कक्ष स्वतः नायोबियमसारख्या उच्च वितळणबिंदूच्या धातूचा करून त्यावर ऑक्सिडीकरण रोखणारा सिलिसाइडचा लेप देतात. हा लेप केसभरही तडकला तर आतला धातू झपाट्याने झिजतो, त्यामुळे थ्रस्टरचे आयुष्य बहुधा धातूच्या नव्हे तर लेपाच्या आयुष्याने मोजले जाते.

थ्रस्टर यानावर कोठे आणि कोणत्या कोनात बसवायचे हा प्रश्नही दिसतो तितका गौण नाही. स्थानकाच्या दिशेने येताना वेग कमी करायचा म्हणजे झोत स्थानकाकडे सोडणे आले, आणि तो झोत सौर पट्ट्यांवर आदळला तर त्यांना हादरे बसतात, शिवाय न जळलेल्या थेंबांचा थर काचांवर व संवेदकांवर साचतो. म्हणून पुढचे थ्रस्टर तिरके बसवतात. कोन ३० अंशांचा ठेवला तर उपयुक्त रेट्यातील सुमारे १३ टक्के वाया जातात आणि तेवढी उधळपट्टी निमूटपणे स्वीकारली जाते. एचटीव्ही आणि सिग्नस यांनी खालच्या बाजूने येऊन स्थानकाच्या यांत्रिक हाताच्या टप्प्यात थांबण्याची पद्धत अवलंबली. तिचा फायदा असा, की थ्रस्टर बंद पडले तर कक्षीय गतीच्या नियमानुसार यान आपोआप स्थानकापासून दूर सरकते.

मूल्यमापनाची पारंपरिक शिडी पाण्यापासून सुरू होते. प्रथम इंजेक्टरमधून पाणी सोडून प्रवाह, दाबातील घट आणि फवाऱ्याचा आकार तपासतात. यानंतर हेलियम वायूने गळती मोजतात, झडपा हजारो वेळा उघडझाप करून पाहतात, आणि मगच प्रत्यक्ष ज्वलनचाचणी घेतात. ती निर्वातात घ्यावी लागते, कारण नोझलचे तोंड त्याच्या सर्वांत अरुंद भागाच्या, म्हणजे घशाच्या, मानाने क्षेत्रफळाने अनेकदा शंभरपटीहून मोठे असते आणि वातावरणाच्या दाबात त्यातील झोत भिंत सोडून देतो. चाचणीत स्थिर ज्वलनाबरोबर लहान–मोठ्या स्पंदांच्या मालिकाही असतात. एक नमुना मर्यादेपलीकडे ताणून रचनेची पात्रता ठरवणे आणि उड्डाणाला जाणारा प्रत्येक नग सौम्य चाचणीने स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की चांगल्या रचनेचा वाईट नग अवकाशात जाऊन पोचतो.

या शिडीची उणीव अशी, की ती थ्रस्टरला एकटा तपासते, आणि यानावर तो एकटा कधीच नसतो. जून २०२४ मध्ये बोइंगचे प्रवासी यान स्टारलायनर स्थानकाकडे येत असताना सेवाकक्षावरील २८ नियंत्रक थ्रस्टरांपैकी पाच बंद पडले. त्यांपैकी चार पुन्हा चालू झाले आणि यान जुळले, परंतु प्रवासी त्यातून परत आणण्याचा धोका न पत्करता सप्टेंबरमध्ये ते रिकामे उतरवण्यात आले. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे तशाच थ्रस्टरवर केलेल्या चाचण्यांत झडपेतील टेफ्लॉनचा सील उष्णतेने फुगून ऑक्सिडीकारकाचा मार्ग अरुंद करतो असे आढळले. थ्रस्टर एका बंदिस्त कोनाड्यात मोठ्या इंजिनांच्या शेजारी बसवलेले होते, आणि लागोपाठ स्पंद दिल्यानंतर उष्णतेला बाहेर जायला वाव उरत नव्हता. इंजिन बंद झाल्यानंतर कक्षातील उष्णता मागे झडपेकडे झिरपते आणि झडपेचे सर्वोच्च तापमान चालू अवस्थेत नव्हे तर बंद झाल्यानंतर काही काळाने येते, हे अभियंत्यांना ठाऊक असते. मात्र स्पंदांचा नेमका कोणता क्रम सर्वांत घातक ठरेल हे पूर्ण यानाचा उष्णताव्यवहार धरून तपासल्याशिवाय कळत नाही. १ मार्च २०१३ रोजी मालवाहू ड्रॅगनच्या चारपैकी एकच थ्रस्टरसमूह आरंभी सज्ज झाला होता. दोष थ्रस्टरांत नव्हता, ऑक्सिडीकारकाच्या टाक्यांना दाब देणाऱ्या हेलियमच्या मार्गातील झडपा अडकल्या होत्या. दाब चढवून–उतरवून त्या मोकळ्या केल्यावर यान एक दिवस उशिरा स्थानकाला लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये सिग्नसचे मुख्य इंजिन कक्षा उंचावताना वेळेआधी थांबले, तेव्हा इंजिन निर्दोष होते आणि अतिसावध संगणकप्रणालीने ते बंद केले होते. भारताच्या एनव्हीएस–०२ उपग्रहाचे उदाहरण मालवाहू यानाचे नसले तरी याच पंक्तीत बसते. जानेवारी २०२५ मध्ये उड्डाणानंतर ऑक्सिडीकारक आत सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत, आणि कक्षा उंचावण्याचे काम तेथेच थांबले. ज्वलनकक्षाची कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याने वाढवण्यावर खर्च होणारी बुद्धी आणि झडपांच्या सहनशीलतेवर खर्च होणारी बुद्धी यांतील तफावत या प्रकरणांपुढे समर्थनीय वाटत नाही.

भारताकडे अद्याप मालवाहू यान नाही, परंतु त्याचे घटक तयार होत आहेत. ४४० न्यूटनचे द्रव इंजिन इस्रोने अनेक उपग्रहांवर वापरले असून मंगळयानावर ते जवळपास ३०० दिवस निष्क्रिय राहून २४ सप्टेंबर २०१४ रोजी पुन्हा पेटले. त्यासाठी द्रवमार्गांची समांतर जोडणी आधीच करून ठेवली होती आणि दोन दिवस आधी चार सेकंदांची चाचणी घेतली होती. गगनयानाच्या सेवाकक्षात अशी पाच इंजिने आणि १०० न्यूटनचे १६ थ्रस्टर आहेत. या पूर्ण प्रणालीची ३५० सेकंदांची ज्वलनचाचणी ११ जुलै २०२५ रोजी महेंद्रगिरी येथे झाली. सुटा थ्रस्टर नव्हे तर टाक्या, नळ्या, झडपा यांच्यासह अख्खी प्रणाली जमिनीवर चालवण्याची ही पद्धत वरील अनुभवांच्या प्रकाशात योग्यच म्हणावी लागेल. जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्स मोहिमेत सुमारे २२० किलोंची दोन याने कक्षेत जुळली. २०२८ पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग आणि २०३५ पर्यंत पूर्ण स्थानक हे उद्दिष्ट जाहीर झालेले असल्याने रसद पोचवणाऱ्या यानाची गरज ओघानेच येते.

महाराष्ट्रातील या क्षेत्राची मुळे मुख्यतः मुंबईत आहेत. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इस्रोसाठी विकास इंजिने आणि उपग्रहांचे थ्रस्टर तयार होतात. मुंबईच्या आयआयटीच्या छायेत वाढलेल्या मनस्तू स्पेस या कंपनीने पेरॉक्साइडवर आधारित प्रणोदक विकसित केला आणि तिची प्रणाली डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही–सी६० मोहिमेत, प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्याला प्रयोगमंच करणाऱ्या ‘पोएम’वर, अवकाशात गेली. त्याच परिसरातील इन्स्पेसिटीचा हरित थ्रस्टर जानेवारी २०२४ च्या पोएमवर होता. छोट्या कंपन्यांना अवकाशातील चाचणीची अशी सोय मिळणे मोलाचे आहे, पण पोएमवरील काही मिनिटांचे ज्वलन महिनोन्महिने जोडून राहणाऱ्या मालवाहू यानाची पात्रता सिद्ध करत नाही. त्यासाठी जमिनीवरची कंटाळवाणी, दीर्घ परीक्षणेच लागतात.

सातारा आणि सांगली यांचा विचार येथे येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे आणि नांगरापासून सुरू झालेला तेथील उद्योग पंपांसाठी ओळखला जातो. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी उभारलेला कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. वालचंदनगर इंडस्ट्रीजचा ओतकामाचा विभाग तेथे आहे, तर शेजारच्या पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या घनइंधन मोटारींची आवरणे बनतात. फलटणला डिझेल इंजिनांचा मोठा कारखाना आहे, मिरज–कुपवाड पट्ट्यात ओतशाळा व यंत्रशाळा आहेत. शिक्षणाच्या बाजूला धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सांगलीत सुरू केलेले आणि पुढे वालचंद हिराचंद यांचे नाव लाभलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० चे कराडचे शासकीय महाविद्यालय आणि १९८३ चे साखराळे येथील राजारामबापू तंत्रज्ञान संस्थान अशी रांग आहे.

या परंपरेचा थेट वारसा थ्रस्टरपर्यंत पोचतो असे म्हणणे मात्र दिशाभूल करणारे ठरेल. बीडाच्या ओतकामातील कसब नायोबियमच्या कक्षाला उपयोगी पडत नाही, त्याला इलेक्ट्रॉन झोताने केलेली जोडणी आणि निर्वातातील लेपनभट्टी लागते. पंपाच्या झडपेतून थेंबभर पाणी गळले तर चालते, तर थ्रस्टरच्या झडपेची गळती हेलियमच्या अणूंच्या हिशेबात मोजतात. विषारी द्रवांच्या ज्वलनचाचण्या तर दाट वस्तीच्या, बागायतीच्या या खोऱ्यात होऊच नयेत. कृष्णाकाठी साखर कारखान्यांच्या मळीतून इथेनॉल मुबलक निघते आणि ते पेरॉक्साइडबरोबर जळू शकते, असा मोह होण्याजोगा युक्तिवादही करता येईल, पण मालवाहू यानाला उड्डाणामागे लागणारे इंधन काही शे किलो किंवा काही टनच असते आणि अडचण इंधन मिळण्याची कधीच नव्हती.

जेथे या पट्ट्याची पकड खरी आहे ते क्षेत्र म्हणजे वाहत्या द्रवाचे मापन आणि यंत्राला थकवण्याची चाचणी. पंप कारखान्यातील माणसाला दाब, प्रवाह, पोकळीभवन (म्हणजे दाब घसरल्याने द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन धातू खरवडणे), पाण्याचा आघात आणि सीलची झीज या गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. थ्रस्टरच्या नळजोडणीतही झडप झटकन मिटताच दाबाची लाट उलट धावते आणि शेजारच्या थ्रस्टरचा स्पंद बिघडवते. ही लाट पाण्यावर, कोणत्याही विषाशिवाय, कमी खर्चात अभ्यासता येते. इंजेक्टरच्या फवाऱ्याचे मापन, झडपांची लाखभर उघडझाप, वेगवेगळ्या तापमानांत सील किती फुगतो याची नोंद आणि बंद कोनाड्यात उष्णता मागे कशी झिरपते याचे विजेच्या तापकांवर केलेले अनुकरण ही कामे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि स्वच्छ, धूळविरहित केलेल्या एखाद्या यंत्रशाळेत बसणारी आहेत. २०२० मध्ये खाजगी सहभागासाठी इन–स्पेस ही संस्था घोषित झाल्यापासून इस्रोच्या चाचणीकेंद्रांचा मार्ग बाहेरच्यांना खुला झाला आहे, त्यामुळे ज्वलनाची अंतिम चाचणी महेंद्रगिरीला आणि तिच्या आधीच्या शेकडो थंड चाचण्या स्थानिक पातळीवर अशी विभागणी व्यवहार्य आहे. यात यंत्रांपेक्षा नोंदींची शिस्त अधिक अवघड जाईल, कारण अवकाशयंत्रणेत प्रत्येक सीलचा तुकडी क्रमांक, म्हणजे तो कोणत्या मिश्रणाच्या कोणत्या तुकडीतून निघाला याचा क्रमांक, आणि प्रत्येक उघडझापीचा वेळ वर्षानुवर्षे शोधता आला पाहिजे, तर जॉबवर्कवर चालणाऱ्या छोट्या कारखान्यात माल उचलला गेला की कागद संपतो.